मार्क्स, माती आणि सरकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्क्सवाद आणि पर्यावरण या विषयावर बोलायला उभं राहिलं की प्रश्न ठरलेले येतात. निम्मे असतात मार्क्स नेमकं काय म्हणाला याबद्दल. उरलेले म्हणजे 'मग रशियात काय झालं?' या एकाच प्रश्नाची वेगवेगळी रूपं. इथे दोन्ही घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही चार ओळींत आटोपली आहेत.

मार्क्सने पर्यावरणाबद्दल खरंच काही लिहिलं आहे, की हे त्याच्या नावावर मागाहून खपवलेलं आहे?

'पर्यावरण' हा शब्द त्याच्याकडे सापडणार नाही. 'इकॉलॉजी' हे नावच मुळी अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८६६ साली पाडलं, म्हणजे मार्क्सच्या 'भांडवल' या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड छापून येण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. विषय मात्र मार्क्सकडे फार लवकर आला, आणि तोही सरपणाच्या निमित्ताने.

१८४२ साली चोवीस वर्षांचा मार्क्स कोलोनमधल्या एका वृत्तपत्रात लिहीत होता. ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळात लाकूडचोरीच्या कायद्यावर चर्चा झाली होती. झाडावरून गळून पडलेल्या वाळक्या काटक्या गोळा करणं ही गरिबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. नव्या कायद्याने ती चोरी ठरणार होती. मार्क्सने त्यावर लेखमाला लिहिली. गरिबांसाठी हळहळून तो थांबला नाही, कायद्यातली बारीक कलमंच त्याने पकडली. नेलेल्या काटक्यांची किंमत कोण ठरवणार? जंगलाचा राखणदार. म्हणजे ज्याला जंगलमालक पगार देतो आणि जो 'चोर' पकडून आणतो, नुकसानीचा आकडाही तोच सांगणार. आणि दंडाचे पैसे? ते मालकाच्या खिशात. पुढे १८५९ साली मार्क्सने लिहिलं की आर्थिक हितसंबंधांच्या प्रश्नाशी आपली पहिली गाठ पडली ती अशा प्रकरणांमुळेच.

माप कोणाच्या हातात, हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

पण 'कम्युनिस्ट जाहीरनाम्या'त तर तो निसर्गावर विजय मिळवल्याचं कौतुकच करतो ना?

करतो. निसर्गशक्तींना माणसाने वेसण घातली, अख्खी खंडं लागवडीखाली आणली, हे भांडवलदार वर्गाचं कर्तृत्व म्हणून १८४८च्या जाहीरनाम्यात गौरवानेच येतं. हे झाकायचं कारण नाही. मार्क्सचं लेखन चाळीसेक वर्षांवर पसरलेलं आहे आणि त्यात दोन्ही सूर आहेत. नंतरचा सूर अधिक सावध आहे, कारण मधल्या काळात त्याने शेतीच्या रसायनशास्त्राचा भरपूर अभ्यास केला होता. त्याचा सहकारी एंगल्स याने तर निसर्गावरच्या विजयांनी फार हुरळून जाऊ नका, प्रत्येक विजयाचा तो सूड उगवतो, असं लिहून ठेवलं आणि क्यूबातल्या स्पॅनिश मळेवाल्यांचं उदाहरण दिलं. त्यांनी डोंगरउतारावरची जंगलं जाळली, त्या राखेच्या खतावर कॉफीची एक पिढी भरघोस आली, आणि नंतरच्या पावसाने उघडी पडलेली माती धुऊन नेली. खाली नुसता खडक राहिला.

'चयापचयातला तडा' म्हणजे काय?

या विचाराचा गाभा तोच आहे, म्हणून जरा सावकाश.

मार्क्सच्या मते श्रम म्हणजे माणूस आणि निसर्ग यांच्यातला चयापचय. आपण मातीतून घेतो, खातो, वापरतो आणि उरलेलं मातीला परत जातं. हे चक्र फिरत राहिलं तर जमीन टिकते. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४०च्या सुमारास दाखवून दिलं की पीक जमिनीतून नत्र, स्फुरद, पालाश यांसारखी द्रव्यं घेतं. ती परत मिळाली नाहीत तर जमीन कंगाल होते. शेतीरसायनावरच्या आपल्या पुस्तकाच्या १८६२च्या आवृत्तीत तर त्याने इंग्लंडच्या 'प्रगत' शेतीला सरळ लूट म्हटलं. इंग्लंड इतकं हावरट झालं होतं की वॉटर्लू, लाइपझिग, क्रिमियाच्या रणांगणांवरची हाडंसुद्धा उकरून खतासाठी नेतं, असा त्याचा आरोप होता.

मार्क्सने हे वाचलं आणि त्याला समाजशास्त्राची जोड दिली. चक्र तुटतं कुठे? गाव आणि शहर यांच्या मध्ये. जमिनीवरून माणसं हुसकली गेली, ती कारखान्यांच्या शहरांत कोंबली गेली, धान्य त्यांच्या मागोमाग शहरात आलं, पण मैला मातीकडे परत गेला नाही. 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात तो म्हणतो की लंडनला पंचेचाळीस लाख माणसांच्या मलमूत्राचा याहून चांगला उपयोग सुचत नाही की प्रचंड खर्च करून त्याने थेम्स नदी नासवावी. १८५८च्या उन्हाळ्यात त्या नदीची दुर्गंधी इतकी वाढली होती की संसदेच्या खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरीच्या द्रावणात भिजवावे लागले. एका टोकाला शेत उपाशी, दुसऱ्या टोकाला नदीला अजीर्ण. दोन्ही मिळून एकच तडा.

मग उपाशी शेताला काय घातलं? पेरूच्या किनाऱ्यालगतच्या चिंचा बेटांवरची ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांची विष्ठा. त्या कोरड्या बेटांवर तिचे कित्येक मीटर जाडीचे थर साचले होते. ते खणायला करारबद्ध चिनी मजूर आणले गेले. त्या तिखट धुळीत दिवसभर कुदळ चालवणाऱ्यांची अवस्था गुलामांहून फारशी वेगळी नव्हती. कुठेही ग्वानोचं बेवारस बेट सापडलं तर अमेरिकी नागरिकाने ते ताब्यात घ्यावं, अशी मुभा देणारा कायदा अमेरिकेने १८५६ साली केला. काही दशकांतच चिंचा बेटं खरवडून संपली. इंग्लंडमधला तडा बुजवायचा म्हणून तो पॅसिफिकपलीकडच्या मजुराच्या फुप्फुसात हलवला गेला.

'मेटाबॉलिक रिफ्ट' या नावाने ही मांडणी पुढे आणली ती अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॉन बेलॅमी फॉस्टर याने, १९९९ साली.

पण नंतर रासायनिक खत आलं. प्रश्न सुटला नाही का?

उपासमारीचा बराचसा सुटला, आणि ही लहान गोष्ट नाही. हवेतला नत्र पकडून अमोनिया करायची हाबर-बॉश पद्धत १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ इथे कारखान्यात सुरू झाली. ग्वानोची गरज संपली. पण त्या पद्धतीला नैसर्गिक वायू किंवा कोळसा लागतो, आणि शेतात जिरला नाही तेवढा नत्र वाहून जातो. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते तिथे दर उन्हाळ्यात असा पट्टा तयार होतो की पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरतच नाही. तडा बुजला नाही, सरकला. असं सरकवणं हा भांडवलशाहीचा स्थायीभाव आहे, असं मार्क्सवादी म्हणतात. मला ते 'बहुतेक वेळा' एवढं पटतं; ओझोनच्या थराला घातक वायूंवरची १९८७ची माँट्रियलची बंदी बऱ्यापैकी खरंच लागू पडली.

'भांडवलशाहीचा दुसरा अंतर्विरोध' असंही वाचलं. तो कोणता?

जेम्स ओकॉनर या अमेरिकी मार्क्सवादी अभ्यासकाची ही १९८८ची मांडणी. पहिला अंतर्विरोध ओळखीचा: मजुरी दाबली की माल विकत घेणार कोण? दुसरा असा की भांडवल ज्यांच्या जिवावर चालतं ती माती, पाणी, माणसांचं आरोग्य, शहरं हे सगळं ते स्वतःच झिजवतं, आणि मग उत्पादनाचा खर्च वाढतो. सरकार नेमकं इथे मध्ये येतं. पाणी पुरवणं, जंगलं सांभाळणं, हवा श्वास घेण्याजोगी ठेवणं ही कामं बाजार करत नाही. ती सरकारवर पडतात. म्हणून पर्यावरण धोरण हा राजकीय झगड्याचा आखाडा होतो.

सरकार जर भांडवलदारांचंच, तर मार्क्सवादी त्याच्याकडे कायदे कशाला मागतात?

मला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. याचं उत्तर मातीच्या प्रकरणात शोधू नका, ते मिळेल कामाच्या दिवसाबद्दलच्या प्रकरणात.

इंग्लंडमधल्या गिरण्यांत मुलं आणि बायका बारा-बारा, पंधरा-पंधरा तास राबत होती. संसदेने १८३३ साली कारखाना कायदा केला, १८४७ साली दहा तासांचा. मार्क्सने विचारलं, भांडवलदारांच्या संसदेने भांडवलदारांनाच लगाम का घातला? त्याचं उत्तर एका वाक्यात आहे आणि त्या वाक्यात माती आहे: कामाचे तास ज्या गरजेपोटी आखून दिले गेले, त्याच गरजेने इंग्लंडच्या शेतांवर ग्वानो पसरली. एकीकडे आंधळ्या हावेने जमीन चोपून काढली होती, दुसरीकडे देशाची जिवंत ताकदच मुळापासून उपटली होती. एकटा गिरणीमालक स्वतःहून थांबू शकत नाही. तो थांबला तर शेजारचा त्याला खाऊन टाकेल. सगळ्यांना एकाच वेळी थांबवायला बाहेरची सक्ती लागते. त्यात कामगारांच्या चळवळीचा रेटा होताच.

म्हणजे कायदा एकाच वेळी दोन गोष्टी असतो: व्यवस्थेने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेलं औषध, आणि खालून ओढून मिळवलेला विजय. 'हे नुसतं ढोंग' म्हणणाराही चुकतो आणि 'सरकारने मनावर घेतलं' म्हणणाराही.

पण कायदा कागदावर येऊन भागत नाही. १८३३च्या कायद्याने चार निरीक्षक नेमले. त्यातल्या लेनर्ड हॉर्नर याचं मार्क्सने तोंडभरून कौतुक केलं आहे. गिरणीमालक सकाळी पाच मिनिटं आधी इंजिन सुरू करत, जेवणाच्या सुट्टीतून पाच-दहा मिनिटं कुरतडत. निरीक्षक ती मिनिटं मोजून, बेरीज करून अहवालात छापत. 'भांडवल'मधला तो भाग या सरकारी अहवालांवर उभा आहे. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मार्क्स म्हणतो की आपल्याकडे जर्मनीतही असे निर्भीड निरीक्षक असते तर आपली स्थिती पाहून आपल्यालाच धडकी भरली असती. ग्रीक पुराणातल्या पर्सियस या वीराला राक्षसांच्या पाठलागासाठी अदृश्य करणारी टोपी लागली. आपण तीच टोपी डोळ्या-कानांवर ओढून घेतो, म्हणजे राक्षस नाहीतच असं म्हणता येतं.

याचं पर्यावरणातलं उदाहरण सांगाल का?

ब्रिटनचा १८६३चा अल्कली कायदा. सोडा बनवणारे कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू धुराड्यातून सोडून देत आणि मैलोन्‌मैल झाडं-पिकं करपून जात. कायद्याने सांगितलं, ९५ टक्के वायू कारखान्यातच पाण्यात विरघळवून पकडा. जोर कोणाचा होता? प्रामुख्याने जमीनदारांचा, त्यांची कुरणं आणि वनराया जळत होत्या. कामगारांच्या वस्त्यांनी तो धूर आधीपासून गिळला होता, तेव्हा कायदा झाला नव्हता. मुख्य निरीक्षक म्हणून आला रॉबर्ट अँगस स्मिथ, 'आम्लवर्षा' हा शब्दप्रयोग रूढ करणारा रसायनशास्त्रज्ञ. हवा खरंच सुधारली. पण पकडलेलं आम्ल काही कारखान्यांनी सरळ ओढ्या-नद्यांत सोडलं. पुढे त्यातून ब्लीचिंग पावडरीसाठी क्लोरीन काढता येतो आणि पैसा मिळतो हे कळल्यावर तेही कमी झालं. सक्ती, तिच्यातून काढलेली पळवाट आणि शेवटी नफा, असा सगळा क्रम या एका कायद्यात दिसतो.

ठीक. आता खरं सांगा, सोव्हिएत रशियाने निसर्गाची वाट लावली की नाही?

लावली. पण गोष्ट सुरू झाली वेगळीच.

यादवी युद्ध चालू असताना, १९१९ साली, व्होल्गा नदीच्या मुखाशी अस्त्राखान इथे पूर्ण संरक्षित निसर्गक्षेत्र जाहीर झालं. अशा क्षेत्राला तिथे 'झापोवेदनिक' म्हणतात. ती सहलीची ठिकाणं नव्हती. माणसाने हात न लावलेला निसर्ग कसा चालतो ते मोजायला राखलेले तुकडे होते. स्तेपच्या गवताळ प्रदेशात व्लादिमीर स्तांचिन्स्की अन्नसाखळीतून ऊर्जा कशी वाहते याचा हिशेब मांडत होता, जगात फार थोडे लोक हा विचार करत होते तेव्हा. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला अटक झाली आणि काम थांबलं. निसर्गाला मर्यादा आहेत असं म्हणणं हाच आता पंचवार्षिक योजनेशी द्रोह होता. १९५१ साली झापोवेदनिकांची संख्या १२८ वरून ४० वर आणली गेली.

आणि मग मध्य आशियातला अरल समुद्र. १९६० साली सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचा, जगातला चौथ्या क्रमांकाचा तलाव. त्याला पाणी आणणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसासाठी वळवल्या गेल्या. काराकुम कालव्याला बऱ्याच लांबीत अस्तरच नव्हतं; वाळवंटात पाणी झिरपून जात होतं. मोयनाक हे मासेमारीचं बंदर. पाणी मागे सरकलं तसे लोकांनी बोटींसाठी चर खणले, पाणी त्याहून पुढे गेलं, शेवटी बोटी वाळूत रुतल्या. गावातला मासे डबाबंद करण्याचा कारखाना मात्र बंद करायचा नव्हता, म्हणून दूरच्या समुद्रांतली गोठवलेली मासळी तिथे आणली जाऊ लागली. समुद्र गेला तरी कारखाना चालू! २००७च्या सुमारास तलावाचं क्षेत्रफळ मूळच्या दहा टक्क्यांवर आलं होतं. २००५च्या बंधाऱ्यामुळे उत्तरेचा, कझाकस्तानातला लहान तुकडा तेवढा पुन्हा भरला.

यात चूक कोणाची? समाजवादाची, नियोजनाची की हुकूमशाहीची?

'तो खरा समाजवाद नव्हताच' असं म्हणून हात झटकणारे मला पटत नाहीत. खासगी मालकी गेली की निसर्ग आपोआप वाचतो, ही समजूत अरलच्या तळाशी उघडी पडली. योजनेतलं लक्ष्य टनांत आणि रूबलांत असेल तर नदी त्या हिशेबात दिसतच नाही, मग कारखान्याचा मालक कोणीही असो. शिवाय प्रदूषण करणारं मंत्रालय आणि त्याला अडवणारं खातं हे दोन्ही एकाच सरकारचे हात. कुंपणानेच शेत खायला घेतलं तर दाद कोणाकडे मागायची?

पूर्व जर्मनीचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथे निसर्गरक्षण १९६८च्या राज्यघटनेत होतं, १९७२ पासून पर्यावरणाचं स्वतंत्र मंत्रालय होतं. तपकिरी कोळशाच्या धुराने मात्र हवा कोंदत गेली. मग १९८२ साली मंत्रिमंडळाने ठरवलं की पर्यावरणाची आकडेवारीच गोपनीय. मार्क्सने वर्णिलेली ती टोपी, त्याच्याच नावाने चालणाऱ्या सरकारने सबंध देशाच्या डोळ्यांवर ओढली. १९८६ साली पूर्व बर्लिनमधल्या एका चर्चच्या खोलीत तरुणांनी पर्यावरणाचं वाचनालय काढलं. पुढच्या वर्षी गुप्त पोलिसांनी त्यावर छापा घातला. ब्रिटनमधला निरीक्षक कारखान्यात शिरू शकत होता आणि त्याचा अहवाल कोणीही विकत घेऊन वाचू शकत होतं. लंडनच्या ग्रंथालयात बसून मार्क्सने तेच केलं. पूर्व बर्लिनमध्ये त्याला ते करता आलं नसतं.

चीनचं काय? तिथे तर 'पर्यावरणीय सभ्यता' राज्यघटनेतच आहे.

२०१८ पासून आहे. १९५८ साली तिथेच चिमण्या मारायची मोहीम निघाली होती; लोक थाळ्या-भांडी बडवून चिमण्यांना बसूच देत नसत, थकून खाली पडेपर्यंत. नंतर किडींना आवरणारं कोणी उरलं नाही तेव्हा १९६० साली मारायच्या उपद्रवी जीवांच्या यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला.

अलीकडची गोष्ट पुन्हा मोजमापाचीच. बीजिंगमधला अमेरिकी दूतावास २००८ पासून आपल्या छतावरचं यंत्र वाचून हवेतल्या सूक्ष्म कणांचे आकडे जाहीर करायचा. २०१२ साली चिनी अधिकाऱ्यांनी दूतावासांना हे थांबवायला सांगितलं. पण शहरांतल्या लोकांचा संताप इतका होता की २०१३ पासून सरकारलाच ७४ शहरांचे आकडे प्रसिद्ध करावे लागले. त्या वर्षी बीजिंगची वार्षिक सरासरी घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती. २०२२ साली ती ३० वर आली. हे यश मोठं आहे, आणि केंद्राच्या हुकुमाचा जोर त्यामागे आहे हेही खरं. पण देशाच्या ऊर्जेत कोळशाचा वाटा २०२४ सालीही निम्म्याहून अधिक होता. याला समाजवादी पर्यावरणनीती म्हणायचं की चांगली चालवलेली भांडवलशाही, यावर मार्क्सवाद्यांतच जुंपते. मी दुसऱ्या बाजूला झुकतो.

आणि क्यूबा?

सोव्हिएत संघ कोसळला, स्वस्त तेल आणि खतं एका फटक्यात थांबली. हवानाच्या मोकळ्या भूखंडांवर वाफे घालून भाजीपाला पिकू लागला, बैल पुन्हा जुंपले गेले, चीनमधून लाखो सायकली आल्या. चांगलं मानवी विकासमान आणि पृथ्वीला झेपेल एवढाच वापर, या दोन्ही कसोट्यांना उतरणारा एकमेव देश म्हणून २००६ साली 'डब्ल्यूडब्ल्यूएफ' या निसर्गरक्षण संस्थेच्या अहवालात क्यूबाचं नाव आलं. कौतुक करावंच. पण हे अडचणीतून आलेलं शहाणपण होतं, आणि देश आजही आपलं बहुतांश अन्न आयात करतो.

लॅटिन अमेरिकेतल्या डाव्या सरकारांनी निसर्गाला हक्क दिले म्हणतात...

इक्वेडोरने २००८च्या राज्यघटनेत दिले. त्याच्या आदल्या वर्षी अध्यक्ष राफाएल कोरेया यांनी जगापुढे प्रस्ताव ठेवला होता: यासुनीच्या जंगलाखालचं तेल आम्ही काढत नाही, तुम्ही आम्हाला ३.६ अब्ज डॉलर द्या. जगाने हात आखडता घेतला, हाती फुटकळ रक्कम आली, आणि २०१३ साली कोरेयांनी प्रस्ताव गुंडाळून तेल काढायला परवानगी दिली. शाळा-दवाखान्यांचा खर्च तेलाच्या पैशातून भागवणारं सरकार तेलाविरुद्ध किती काळ उभं राहणार? शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये सार्वमत झालं आणि सुमारे ५९ टक्के लोकांनी विहिरी बंद करा असा कौल दिला. तोवर कोरेया सत्तेवरून जाऊन सहा वर्षं झाली होती.

कार्बनच्या बाजाराला मार्क्सवाद्यांचा विरोध का?

कारण या बाजारात कर्ब सोडायच्या परवान्यांची खरेदी-विक्री होते, म्हणजे प्रदूषणाचा हक्क ही नवी मालमत्ता तयार होते आणि ती आधी वाटली जाते ती प्रदूषण करणाऱ्यांनाच. युरोपीय महासंघाचा बाजार २००५ साली सुरू झाला. कंपन्यांना परवाने जवळजवळ सगळे फुकट आणि गरजेपेक्षा जास्त मिळाले. वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांची किंमतही ग्राहकाच्या बिलात लावली. २००७ साली परवान्याचा भाव शून्याला टेकला. लाकूडचोरीच्या कायद्यातला दंड मालकाच्या खिशात जात होता, त्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

हेही सांगायला हवं की नंतर नियम कडक झाले, आणि त्या बाजारात येणाऱ्या उद्योगांचं उत्सर्जन २०२३ पर्यंत २००५च्या तुलनेत ४७ टक्क्यांनी उतरलं. त्यात पवन-सौर ऊर्जेला मिळालेल्या सरकारी पैशाचा वाटा मोठा आहे. तरी 'बाजाराने काहीच होत नाही' हे वाक्य आता जपून वापरावं.

पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा शौक आहे. कामगाराला नोकरी हवी, झाड नको. बरोबर?

सिडनीच्या बांधकाम मजुरांना विचारा. १९७१ साली तिथल्या केलीज बुश नावाच्या झाडोऱ्यावर बिल्डर महागडी घरं बांधणार होता. आसपासच्या तेरा गृहिणींनी सगळीकडे खेटे घातले आणि शेवटी मदत मागितली बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे. तिचा नेता जॅक मंडी, कम्युनिस्ट पक्षाचा. बायका सुखवस्तू वस्तीतल्या, मजूर कष्टकरी. जमायचं काही कारण नव्हतं. मजुरांनी त्याच बिल्डरच्या दुसऱ्या, अर्धवट उभ्या इमारतीत सभा घेतली आणि ठराव केला: केलीज बुशमधलं एक झाड जरी पडलं तरी ही इमारत कायमची अशीच अर्धवट राहील, त्या झाडोऱ्याचं स्मारक म्हणून. झाडोरा आजही आहे. पुढच्या तीन-चार वर्षांत अशा चाळीसेक 'हरित बंदी' लागू झाल्या. १९७५ साली त्या मोडून काढल्या त्या संघटनेच्याच राष्ट्रीय नेतृत्वाने, आणि तिथला म्होरक्याही कम्युनिस्ट होता, माओवादी गटाचा. आपल्याच लोकांनी पाय ओढणं डाव्यांना नवीन नाही.

ब्रिटनमधल्या लुकास एरोस्पेसच्या कामगारांनी तर १९७६ साली पर्यायी आराखडाच मांडला: शस्त्रास्त्रांच्या सुट्या भागांऐवजी आम्ही उष्णता-पंप, पवनचक्क्या, संकरित इंजिनं बनवू शकतो. सुमारे दीडशे उत्पादनं होती त्यात. व्यवस्थापनाने तो फेटाळला. आज याच वस्तूंसाठी सरकारं अनुदानं देतात. 'न्याय्य स्थित्यंतर', म्हणजे प्रदूषक उद्योग बदलताना कामगारांना वाऱ्यावर न सोडणं, हा शब्द हवामानाच्या पॅरिस करारात आला तो कामगार संघटनांमुळेच.

खरा प्रश्न लोकसंख्येचा नाही का?

माणसं मोजण्याआधी कोण किती धूर सोडतो ते मोजा. 'ऑक्सफॅम' या स्वयंसेवी संस्थेच्या हिशेबाप्रमाणे १९९० ते २०१५ या काळातलं ५२ टक्के कर्ब उत्सर्जन जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांचं होतं.

आता मार्क्सवाद्यांमध्ये वाद कशावर आहे?

आर्थिक वाढीवर. जपानचा अभ्यासक कोहेई साइतो मार्क्सच्या शेवटच्या काळातल्या वह्यांच्या आधारे म्हणतो की तो अखेरीस वाढीच्या पलीकडे जाणाऱ्या साम्यवादाकडे वळला होता. त्याचं २०२० सालचं पुस्तक जपानमध्ये पाच लाखांवर खपलं. मॅट ह्यूबर यांच्यासारखे विरोधक म्हणतात, महिनाअखेर ओढाताण होणाऱ्या कामगाराला 'कमी वापर' सांगून चळवळ उभी राहत नाही. सार्वजनिक मालकीची, भरपूर आणि स्वच्छ वीज मागा. मला साइतोचं मार्क्सवाचन थोडं ताणलेलं वाटतं आणि ह्यूबरला धातू-खाणींचा हिशेब नको असतो असं वाटतं.

सुरुवात कुठून करावी?

'भांडवल'च्या पहिल्या खंडातलं कामाच्या दिवसावरचं प्रकरण. इंग्रजी आवृत्तीत ते दहावं, जर्मनमध्ये आठवं. क्रमांकावरून गोंधळू नका. आधीची मूल्याची अवघड प्रकरणं सोडून थेट तिथे गेलात तरी चालेल. ग्वानोचं वाक्य तिथेच आहे, आणि तळटिपा टाळू नका: निरीक्षकांनी मोजलेली ती पाच-पाच मिनिटं बरीचशी तिथे सापडतील.